वन-पीस थर्मल घेण्याआधी : मागच्या पडद्याविषयी थोडं

वन-पीस थर्मल हातात घेतलं की बहुतेक ग्राहक ते आधी उलटं करून बघतात आणि विचारतात, "मागे हा बटणांचा पडदा कशाला?" प्रश्न रास्त आहे. शंभर वर्षांपूर्वी अमेरिकेतल्या होजिअरीवाल्यांची खरी डोकेफोड याच जागेवर चालली होती.

बनियन आणि लेंगा एकत्र जोडलेल्या या कपड्याला तिकडे 'युनियन सूट' म्हणत. न्यूयॉर्क राज्यातल्या युटिका गावी १८६८ मध्ये त्याचं पेटंट निघालं, तेही बायकांसाठी, आवळून टाकणाऱ्या कपड्यांना पर्याय म्हणून. पुढे पुरुषांनी तो उचलला. कमरेला जोडच नसल्याने वाकलं तरी पाठ उघडी पडत नाही आणि नाडी काचत नाही. कडाक्याच्या थंडीत काम करणाऱ्याला एवढं पुरेसं होतं. लोकर अंगाला टोचायची, त्यावर मिनियापोलिसच्या जॉर्ज मन्सिंग यांनी लोकरीच्या धाग्यावर रेशीम चढवून उपाय काढला.

अडचण उरली ती सीटची, म्हणजे शौचाला जाताना उघडाव्या लागणाऱ्या मागच्या भागाची. बटणं लावलेला पडदा बसल्यावर रुततो, बटण तुटलं की लोंबतो आणि त्या फटीतून वारा शिरतो. विस्कॉन्सिनमधल्या केनोशा गावच्या कूपर कंपनीने यावर फार सुंदर तोड काढली. कापडाचे दोन भाग फुलीसारखे एकमेकांवर चढवले. गरज पडली की हाताने बाजूला करायचे, सोडले की आपोआप मिटतात. बटण नाही, नाडी नाही. याचं पेटंट १९१० चं. पुढच्याच वर्षी लायेनडेकर या नामवंत चित्रकाराच्या चित्रासह त्याची जाहिरात मासिकात झळकली. अंतर्वस्त्रांबद्दल चारचौघांत बोलायची चोरी होती, त्या काळात हे धाडसच.

उन्हाळ्यासाठी बीव्हीडी कंपनीने १९०८ च्या सुमारास सैल, बिनबाह्यांचा, गुडघ्यापर्यंतचा प्रकार आणला. तो नैनसूखचा असे, म्हणजे मूळच्या आपल्याकडच्या तलम सुती कापडाचा. पुढे घरं आतून गरम राहू लागली, सुटसुटीत चड्डी-बनियनची सवय झाली आणि वन-पीस मागे पडला. १९३५ मध्ये शिकागोत पहिली 'जॉकी' ब्रीफ विकायला आली, ती याच कूपर कंपनीची.

आमच्या थर्मलला आम्ही जुना पडदाच ठेवला आहे. लडाखच्या थंडीत अंगावरचे सगळे थर उतरवायची वेळ येऊ नये, हा त्यामागचा विचार. फुलीची रचना आम्हाला मनापासून आवडते, पण ती जाड कापडात दुहेरी होऊन आसनात गोळा होते.

माप देताना नुसती छाती सांगू नका. टेप एका खांद्यावरून पुढून खाली आणा, आसनातून मागे घ्या आणि पाठीवरून त्याच खांद्यावर आणा. हे माप कमी पडलं तर बसताना खांदे ओढले जातात आणि पडद्याची बटणं तुटतात. दोन मापांच्या मध्ये असाल तर मोठं घ्या. धुताना सगळी बटणं लावून, उलटं करून, गार पाण्यात धुवा, पिळू नका.