पहिल्या वर्षातली सिव्हिल-मेकॅनिकलची जोडी : पार्श्वभूमी

‘बेसिक सिव्हिल अँड मेकॅनिकल’ हा पेपर जिथे एकत्र असतो, तिथे मुलांना दोन विभाग दोन वेगळ्या उत्तरपत्रिकांत लिहावे लागतात. पहिल्यात सिमेंट, पाया, लेव्हलिंग म्हणजे जमिनीची उंचसखलता मोजणे. दुसऱ्यात बॉयलर, इंजिन, पंप, गिअर. तपासणारे मास्तरही दोन. कॉम्प्युटरला प्रवेश घेतलेला मुलगा पहिल्याच आठवड्यात विचारतो, ‘सर, हे आम्हाला कशाला?’ प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर बरेचसे इतिहासात आहे.

1983 साली राज्याने विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिली आणि सोलापुरात पदवीचे शिक्षण सुरू झाले. त्याआधी इथला मुलगा सांगली, कराड नाहीतर पुणे गाठायचा. गावात राहून शिकायचे तर तंत्रनिकेतनाचा डिप्लोमा. अभ्यासक्रम कोल्हापूरहून यायचा, 2004 मध्ये जिल्ह्याचे स्वतंत्र विद्यापीठ होईपर्यंत. पहिले वर्ष सगळ्या शाखांना सारखे, कारण त्या वर्षाच्या गुणांवर दुसऱ्या वर्षी शाखा बदलता यायची. तेव्हा सिव्हिल, मेकॅनिकल आणि इलेक्ट्रिकल या मुख्य शाखा. तिघांची तोंडओळख सगळ्यांना करून द्यावी, यात कुणाला वावगे वाटले नाही. नव्वदच्या दशकात कॉम्प्युटर आणि इलेक्ट्रॉनिक्सचे वर्ग भरू लागले, तेव्हा कुरबुर सुरू झाली.

या कुरबुरीत नावांचा घोळ मोठा आहे, आणि मला तो किरकोळ वाटत नाही. सोलापुरात रिक्षावाल्याला ‘सिव्हिलला चला’ म्हटले तर तो सरकारी दवाखान्यापाशी उतरवतो. इंजिनिअरिंगमधल्या ‘सिव्हिल’चा अर्थ मुळात एवढाच होता : लष्करी नसलेले. किल्ले, खंदक आणि तोफांचे मोर्चे बांधणारे ते लष्करी अभियंते. कालवे, पूल, दीपगृहे बांधणारे ते सिव्हिल. अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये स्वतःला या नावाने म्हणवून घेणाऱ्या पहिल्या अभियंत्याचे एडिस्टन दीपगृह 1759 साली उजळले. त्याच वर्षी त्याचे पाणचक्क्यांवरचे प्रयोगही प्रसिद्ध झाले. पाण्यात घट्ट होणारा चुना शोधणारा आणि चाकाची कार्यक्षमता मोजणारा माणूस एकच. लंडनमधल्या अभियंत्यांच्या संस्थेला 1828 मध्ये सनद मिळाली, तेव्हा तिने आपल्या विद्येची व्याख्या निसर्गातल्या मोठ्या शक्ती माणसाच्या सोयीसाठी वळवण्याची कला अशी केली. त्यात वाफेचे इंजिनही आले आणि धरणही. यंत्रवाल्यांनी आपली संस्था बर्मिंगहॅमला वेगळी काढली ती 1847 मध्ये. त्याच वर्षी रुरकीला अभियांत्रिकी शिक्षण सुरू झाले. 1854 मध्ये पुण्यात बांधकाम खात्याचे कनिष्ठ अधिकारी घडवायला शाळा निघाली. तिच्या नावात ‘इंजिनिअरिंग क्लास’ आणि ‘मेकॅनिकल स्कूल’ हे दोन्ही शब्द होते. पदवी मात्र पुढे कित्येक वर्षे सिव्हिलचीच मिळायची, एलसीई म्हणजे लायसन्शिएट इन सिव्हिल इंजिनिअरिंग.

मराठीने ‘सिव्हिल’ला ‘स्थापत्य’ केले. हिंदीत त्याला ‘जानपद’, म्हणजे लोकांचे, म्हणून पाहिले गेले. तो शब्द रुळला नाही, पण अर्थाच्या जवळ होता. आपले ‘स्थापत्य’ मंदिरांच्या वर्णनात वावरलेले, स्थपतीशी नाते सांगणारे. त्यामुळे पालक विचारतात, घराचे प्लॅन काढायचे तेच का हे? ते काम वास्तुविशारदाचे. स्थापत्य अभियंत्याच्या वाट्याला माती, पाणी, रस्ता, सांडपाणी आणि भार येतो, आणि नेमके हेच नावातून कळत नाही. मेकॅनिकलचे त्याहून अवघड. नोकरीच्या जाहिरातीत ‘कनिष्ठ अभियंता (यांत्रिकी)’ छापतात. पण ‘यांत्रिकी’ म्हणजे पदार्थविज्ञानातले मेकॅनिक्ससुद्धा, बल आणि गतीचे शास्त्र. मग पहिल्या वर्षाचा इंजिनिअरिंग मेकॅनिक्स हा पेपर मराठीत काय म्हणायचा? अभियांत्रिकी यांत्रिकी म्हटले की तो मेकॅनिकल विभागाचा वाटतो; आपल्याकडे तो बहुतेक ठिकाणी सिव्हिलचे मास्तर शिकवतात. ‘यंत्र अभियांत्रिकी’ हा शब्द शाखेसाठी आणि ‘यांत्रिकी’ हा शास्त्रासाठी राखला असता तर हा गुंता झालाच नसता.

2018 च्या जानेवारीत तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय नियामक संस्थेचा (एआयसीटीई) आदर्श अभ्यासक्रम आला. पदवीचे एकूण श्रेयांक (क्रेडिट) 160 वर आणले गेले. पहिल्या वर्षाच्या समान यादीत बेसिक इलेक्ट्रिकल राहिले, ग्राफिक्स म्हणजे अभियांत्रिकी रेखाटन राहिले, प्रोग्रॅमिंग आणि वर्कशॉप राहिले. बेसिक सिव्हिल आणि बेसिक मेकॅनिकल त्या यादीत नव्हते. आदर्श म्हणजे सक्तीचा नव्हे, त्यामुळे कुणी हे विषय काढले, कुणी दोन्ही मिळून एक पेपर ठेवला, कुणी ठरावीक शाखांनाच दिला. वादात दोन्ही बाजूंनी विद्यार्थ्यांचे हित सांगितले गेले. विभागांच्या बैठकांत मात्र आठवड्याच्या तासांचा हिशेबही होता. सिव्हिल-मेकॅनिकलच्या जागा रिकाम्या राहू लागल्या होत्या आणि पहिल्या वर्षाचे तास गेले की पदे जाणार होती. हे मान्य करूनही हे विषय काढण्याचा निर्णय मला चुकीचा वाटतो.

लेव्हलिंगचेच घ्या. मैदानावर जुनी डंपी लेव्हल, म्हणजे आडवी पातळी दाखवणारी दुर्बीण, लावली की तिच्यात स्टाफ, म्हणजे आकडे असलेली उभी पट्टी, उलटा दिसतो. आकडे डोक्यावर उभे, वाचन खाली वाढत जाणारे. मुले 1.435 च्या जागी 1.535 लिहितात. मग तक्ता भरतात, बॅकसाइटची (दुर्बीण मांडल्यावरचे पहिले वाचन) बेरीज वजा फोरसाइटची (हलवण्याआधीचे शेवटचे वाचन) बेरीज करतात, ती शेवटच्या आणि पहिल्या पातळीतल्या फरकाशी ताडतात आणि आनंदाने सांगतात, ‘सर, चेक जुळला!’ तो जुळणारच. चुकीचे वाचन दोन्ही बाजूंना सारखेच शिरलेले असते. अंकगणित फक्त अंकगणित तपासते. फेरी पूर्ण करून पहिल्या खुणेवर परत आले की शंभर मिलिमीटरचा फरक समोर येतो. गणित बरोबर असून उत्तर चुकू शकते, हे कॉम्प्युटरच्या मुलाने एकदा उन्हात उभे राहून बघितलेले बरे. ग्राफिक्सच्या तासाला ते दिसत नाही.

या शहरापुरते बोलायचे तर दोन्ही विद्या कधी वेगळ्या नांदल्याच नाहीत. 1860 मध्ये रेल्वे आली. तुळजापूर रस्त्यावरचा एकरुखचा तलाव, ज्याला आपण हिप्परगा म्हणतो, तो 1871 च्या सुमारास पुरा झाला. 1877 मध्ये पहिली कापडगिरणी, आपली जुनी मिल, उभी राहिली. रूळ आणि बंधारा बांधणारा ओव्हरसियर, बॉयलर सांभाळणारा फिटर, माग जुळवणारा जॉबर हे सगळे या गावात एका पिढीच्या आत आले. आणि ज्या कॉम्प्युटरवाल्याला हे परके वाटते, त्याच्या घरातली चादर जेकार्ड मागावर विणलेली असते. भोके पाडलेली पुठ्ठ्याची पत्ती, भोक असेल तिथे धागा वर, नसेल तिथे खाली. फ्रान्समध्ये एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला निघालेल्या त्या पत्त्यांवरूनच गणनयंत्राला आज्ञा देण्याची कल्पना इंग्लंडमध्ये सुचली.

2021-22 पासून मराठीसह काही भारतीय भाषांतून अभियांत्रिकी शिकवायला परवानगी मिळाली आहे आणि पहिल्या वर्षाची मराठी पुस्तकेही येऊ लागली आहेत. ‘यांत्रिकी’चा प्रश्न त्यामुळे पुन्हा पुढ्यात आला आहे. स्वायत्त महाविद्यालये आपापला अभ्यासक्रम आखतात, तेव्हा एकाच बाकावर बारावी केलेल्या दोन मित्रांपैकी एक यंदा स्टाफ धरून मैदानावर असेल आणि दुसऱ्याच्या वेळापत्रकात तो तास नसेल.