१९६२ च्या युद्धावरची पुस्तके : पार्श्वभूमी

चीन युद्धातल्या पराभवानंतर यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री झाले आणि १९६३ मध्ये नाशिकमधून लोकसभेवर बिनविरोध निवडून आले. त्याच वर्षी पराभवाच्या चौकशीचा हेंडरसन ब्रुक्स-भगत अहवाल तयार झाला. चव्हाणांनी २ सप्टेंबरला लोकसभेत त्याचा फक्त गोषवारा सांगितला. मूळ अहवाल सरकारने आजही खुला केलेला नाही. मग संबंधितांनी एकेक करून आपापली बाजू छापली, आणि पराभवाला जबाबदार कोण, या वादाचे मूळ तिथेच आहे.

म्हणून पुस्तके प्रकाशनक्रमाने वाचावीत : पूर्व आघाडीचे सेनानी जनरल कौल (१९६७), ब्रिगेडियर दळवी (१९६९), पत्रकार नेव्हिल मॅक्सवेल (१९७०), गुप्तचर खात्याचे प्रमुख मलिक (१९७१), लष्करी कारवाई संचालक पलित (१९९१). पुढचा आधीच्याला उत्तर देतो, हे अशाने लगेच कळते. लेखक त्या दिवशी कुठे होता, हे प्रत्येक वेळी तपासावे. २० ऑक्टोबर १९६२ ला चीनचा हल्ला झाला तेव्हा कौल आजारपणामुळे दिल्लीत होते. दळवी नामका चू नदीकाठी ७ व्या ब्रिगेडसोबत होते आणि २२ तारखेला कैद झाले. त्यामुळे उन्हाळी कपड्यांतल्या जवानांबद्दल दळवींचा शब्द प्रमाण मानावा, पण दिल्लीतल्या बैठकांचे त्यांचे वर्णन पलितांशी ताडून पाहावे.

खरी मेख नेफातल्या (आजच्या अरुणाचल प्रदेशातल्या), नामका चूजवळच्या भारतीय ढोला चौकीत आहे. जून १९६२ मध्ये ती उभारली गेली. मॅकमहोन रेषा, म्हणजे १९१४ मध्ये आखलेली भारत-तिबेट सीमा, पाणलोटावरून, म्हणजे थागला कड्यावरून जाते, ही भारताची भूमिका. मॅक्सवेल १९१४ च्या नकाशावरची रेघ धरतात आणि त्या हिशेबाने चौकी रेषेच्या उत्तरेला, म्हणजे चीनच्या बाजूला पडते. नकाशाचे प्रमाण एका इंचाला आठ मैल, म्हणजे वादातले अंतर कागदावर इंचभरही भरत नाही. नकाशा शेजारी न ठेवता मॅक्सवेल वाचला, की त्यांचा युक्तिवाद बिनतोड वाटतो. तो तसा नाही.

दुसरी गफलत आघाड्यांची होते. नोव्हेंबर १९६१ च्या ‘फॉरवर्ड पॉलिसी’चा (वादग्रस्त भागात पुढे चौक्या उभारण्याच्या धोरणाचा) भर मुख्यतः लडाखवर होता; ढोला नेफात. दोन्हींच्या तारखा वेगळ्या रकान्यांत लिहाव्यात.

युद्धाचा दोष भारताकडे जातो, हा मॅक्सवेलचा निष्कर्ष स्वीडिश पत्रकार बर्टिल लिंटनर (२०१७) थेट उलटवतात. चीनची तयारी १९५९ पासूनची, असे त्यांचे म्हणणे. हे मात्र क्रम मोडून मॅक्सवेलनंतर लगोलग वाचावे. चव्हाणांचे स्वीय सचिव राम प्रधान यांचे पुस्तक पराभवानंतरच्या उभारणीचे आहे, ते सर्वांत शेवटी.