पंधरा वर्षं झालेल्या गाडीचं आरसी नूतनीकरण: आधी विमा, मग अर्ज

खासगी गाडीच्या आरसीची, म्हणजे नोंदणी प्रमाणपत्राची, मुदत नोंदणीपासून 15 वर्षं. ती उलटली की गाडी कितीही ठणठणीत असो, रस्त्यावर ती विनानोंदणीच धरतात आणि मोटार वाहन कायद्याच्या कलम 192 खाली दंड लागतो. नूतनीकरण पाच वर्षांसाठी मिळतं. अर्ज फॉर्म 25 मध्ये, मुदत संपण्याआधीच्या 60 दिवसांत करायचा. उशीर झाला तर चारचाकीला दरमहा 500 रुपये जादा.

पण फॉर्म भरायला बसण्याआधी विमा बघा. कधीमधीच बाहेर काढतो म्हणून जुन्या गाडीचा विमा सोडून दिलेला असतो, आणि अर्ज तिथेच अडतो. शिवाय विनाविमा सापडलात तर पहिल्यांदा 2000, पुन्हा सापडलात तर 4000. कलम 196 मध्ये तीन महिन्यांपर्यंत कैदही आहे. कोणाला धडक बसली तर भरपाई मालकाच्याच गळ्यात. नुसता थर्ड पार्टी (समोरच्याच्या नुकसानीपुरता) विमा काढला तरी पुरतो: 2022 च्या दरांनी 1000 सीसीपर्यंत 2094 रुपये, 1500 पर्यंत 3416, वर जीएसटी. एवढ्या जुन्या गाडीला फुल इन्शुरन्सचा हट्ट आमच्या मते परवडत नाही.

मग पीयूसी, म्हणजे प्रदूषण तपासणीचं प्रमाणपत्र. थंड इंजिनवर तपासणी करू नका. धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तापलेला नसला की आकडे चढतात. एअर फिल्टर आणि प्लग साफ करून, वीसेक मिनिटं गाडी पळवून थेट केंद्रावर न्या.

मग न भरलेले दंड बघा. थकलेलं ई-चलान महाट्रॅफिकच्या संकेतस्थळावर गाडीचा नंबर आणि चेसिसचे शेवटचे आकडे टाकून दिसतं. सरकारच्या ‘वाहन’ पोर्टलवर जुना मोबाइल नंबर असेल तर चलानाचा मेसेज तुम्हाला आलेलाच नसतो, त्यामुळे आधी नंबर बदलून घ्या. चलानावरचा फोटो दुसऱ्याच गाडीचा असेल तर पैसे न भरता तिथेच तक्रार टाका.

कर्ज केव्हाच फिटलं, तरी आरसीवर बँकेचं नाव तसंच राहिलेलं असतं. बँकेचं ना-हरकत पत्र आणि फॉर्म 35 देऊन ते उतरवून घ्या. 1 एप्रिल 2019 आधीच्या गाडीला हाय सिक्युरिटी नंबर प्लेटही लागते, चारचाकीला 745 रुपये अधिक जीएसटी.

नूतनीकरणाचं शुल्क चारचाकीला 5000. ऑगस्ट 2025 पासून 20 वर्षांवरच्या गाडीला 10,000. त्याशिवाय महाराष्ट्रात पर्यावरण कर: पेट्रोल कारला पाच वर्षांचे 3000, डिझेलला 3500.

आरटीओतल्या तपासणीच्या अपॉइंटमेंटच्या दिवशी मूळ आरसी, विमा, पीयूसी, आधार, पॅन आणि चेसिस नंबरचा पेन्सिल ठसा सोबत ठेवा. निरीक्षक दिवे, हॉर्न, ब्रेक, टायर बघतात, पण गाडी परत पाठवायची वेळ बहुधा चेसिस नंबरवर येते. गंजामुळे आकडे वाचता येत नाहीत. पॉलिश पेपर मारू नका, आकडे घासले जातात आणि खाडाखोड केल्याचा संशय येतो. रॉकेलात भिजवलेल्या जुन्या टूथब्रशने गंज सुटतो.