गंधरिसेप्टरचे मॉडेल: साच्याच्या शोधाची तीन दशके

लिंडा बक आणि रिचर्ड ॲक्सेल यांनी १९९१ मध्ये गंधरिसेप्टरांची, म्हणजे नाकात गंधरेणू ओळखणाऱ्या प्रथिनांची, जनुके शोधली, तेव्हा हाती आले ते अमिनो आम्लांचे क्रम. पेशीपटलातून सात वेळा आरपार जाणारी ही प्रथिने जी-प्रोटीनशी (पेशीत संदेश पोचवणाऱ्या प्रथिनाशी) जोडलेल्या रिसेप्टरांच्या कुळातली, एवढे त्यावरून कळले. गंधरेणू नेमका कुठे बसतो, ते कळले नाही. माणसात असे सुमारे ४०० रिसेप्टर आहेत आणि प्रयोगशाळेतल्या पेशींत त्यातले बरेचसे पटलापर्यंत पोचतच नाहीत. २००४ मध्ये आरटीपी१ हे साहाय्यक प्रथिन सापडले आणि चाचण्या सुकर झाल्या, पण रचना ठरवण्याइतके प्रथिन काही मिळेना. राहिला संगणक: रचना माहीत असलेले जवळचे प्रथिन साचा म्हणून घ्यायचे आणि त्यावर मॉडेल घडवायचे.

२००० साली गाईच्या ऱ्होडॉप्सिनची (डोळ्यातले याच कुळातले प्रकाशग्राही प्रथिन) २.८ अँगस्ट्रॉम तपशिलाची स्फटिकरचना आली आणि तोच साचा झाला. पण क्रमांतले साम्य जेमतेम २० टक्के. इतक्या कमी साम्यावर दोन क्रमांच्या आपोआप केलेल्या जुळवणीचा भरवसा नसतो. म्हणून तिसऱ्या हेलिक्सच्या (पटल ओलांडणाऱ्या सर्पिल भागाच्या) शेवटचा डी-आर-वाय (ही अमिनो आम्लांची अक्षरे), सातव्यातला एन-पी अशा खुणा धरून हाताने जुळवायचे. सहाव्या हेलिक्समध्ये हीच युक्ती फसते, कारण इतरांकडची सी-डब्ल्यू-एक्स-पी ही खूण गंधरिसेप्टरांत नाही. जुळवणी एका जागेने सरकली की त्या हेलिक्सचा तोंडवळा सुमारे १०० अंशांनी फिरतो आणि गंधरेणूच्या खोबणीत हवी ती बाजूसाखळी (अमिनो आम्लाचा बाहेर डोकावणारा भाग) पटलाच्या मेदाच्या थरात जाते. मग डॉकिंगचे (रेणू खोबणीत बसवून पाहणाऱ्या गणनेचे) गुण कितीही चांगले येवोत, उपयोग शून्य. त्यात गंधरेणू लहान नि तेलकट, हायड्रोजन बंध मोजकेच. चार वेगळ्या बैठकींना जवळपास सारखेच गुण मिळतात. निवाडा अखेर उत्परिवर्तनाच्या (एखादे अमिनो आम्ल बदलून पाहण्याच्या) प्रयोगानेच करावा लागतो, आणि तिथेही प्रतिसाद बंद पडला तर आधी प्रथिन पटलावर पोचले होते का, ते पाहायचे.

कीटकांच्या गंधरिसेप्टरांची रचना आधी मिळाली, पण ते वेगळ्याच बनावटीचे आयन-मार्ग (पटलातून आयन जाऊ देणारी दारे) असल्याने इथे कामाचे नाहीत. २०२१ मध्ये अल्फाफोल्ड २ या, क्रमावरून रचना वर्तवणाऱ्या प्रणालीने हेलिक्स बऱ्यापैकी बसवले. खोबणीवर झाकणासारखे येणारे दुसरे बाह्य वेटोळे मात्र जपूनच वापरावे.

२०२३ मध्ये क्रायो-इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शीने ओआर५१ई२ या मानवी गंधरिसेप्टरची प्रोपिओनेट या गंधरेणूसह रचना दाखवली: रेणू बंदिस्त खोबणीत, त्याचा कार्बोक्सिलेट गट (ऋणभारित टोक) २६२ व्या जागच्या आर्जिनिनला धरून. गंधरिसेप्टरांच्या दोन वर्गांपैकी हा रिसेप्टर वर्ग १ चा, तर माणसातले बहुसंख्य वर्ग २ चे. त्यांच्यासाठी २०२४ मध्ये अनेक क्रमांची सरासरी काढून घडवलेल्या, अधिक स्थिर रिसेप्टरांच्या रचना आल्या. वर्ग २ चे मॉडेल करताना आता साचा तिथूनच घ्यावा.