स्वर्गाची वाट बघणारे आळशी? छे!

आमच्या वसईत पण हे ऐकलंय, 'ख्रिस्ती लोकांचं सगळं लक्ष मेल्यानंतरच्या जीवनावर, इथलं त्यांना काय पडलंय.' अहो, उलट आहे! थेस्सलनीका या जुन्या ग्रीक शहरात काही ख्रिस्ती कामधंदा सोडून बसले होते, तर येशूचा प्रेषित पौल याने त्यांना सरळ लिहिलं की ज्याला काम करायचं नाही त्याने खाऊही नये, आणि तो स्वतः तंबू शिवून पोट भरायचा. फादर दिब्रिटोच बघा ना, धर्मगुरू असून वसईची हिरवाई वाचवणाऱ्या 'हरित वसई' चळवळीसाठी रस्त्यावर उतरले. पाचूबंदरला आमचे एक काका पहाटे क्रूसाची खूण करतात, मग फाटलेलं जाळं मांडीवर घेऊन एकेक गाठ ओढून बघतात, ढिली असली की परत सोडतात, म्हणतात 'वर हिशोब द्यायचाय बाबा.'