बांधाचं तळं आणि सड्यावरचं तळं: फेरी मारण्याआधी

मोबाइलच्या नकाशावर कोकणातली सगळी तळी सारखीच निळी दिसतात. त्यांतली काही दोन डोंगरांमध्ये बांध घालून अडवलेली असतात, तर काही म्हणजे सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्याच्या सपाट कातळावर, खोलगटात साचलेलं पावसाचं पाणी. छोट्या तळ्याभोवती तासाभरात आरामात फेरी होते, पण जायचा हंगाम वेगळा आणि पाय अडतो त्या जागाही वेगळ्या.

बांधाच्या तळ्याचा नमुना पाहायचा तर मालवण तालुक्यातला धामापूरचा तलाव. विजयनगरचे मांडलिक नागेश देसाई यांनी तो १५३० मध्ये बांधला. बाजूला रानाचे डोंगर, काठावर भगवतीचं देऊळ. अशी तळी बांधाशी खोल आणि वहाळ (ओढा) येतो त्या टोकाला उथळ असतात. बांधालगत पोहायला उतरू नये ते यासाठीच. काठापासून दोन पावलांवर तळ लागेनासा होतो.

फेरीची सुरुवात सांडव्याच्या, म्हणजे तळं भरल्यावर जादा पाणी बाहेर पडतं त्या जागेच्या, बाजूने करा. पावसाळ्यात त्यावरून घोटाभरच पाणी जात असलं तरी खालचं शेवाळ पाय ठरू देत नाही. वाहता दिसला तर तिथूनच मागे फिरा. शेवटी सांडवा गाठलात आणि तो वाहता निघाला, तर सगळं रान पुन्हा तुडवत यावं लागतं.

दुसरी अडचण वहाळाच्या तोंडाशी. वाहून आलेला गाळ तिथेच बसतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये पाणी मागे हटलं की वरची साय वाळून भेगाळते, जमीन टणक वाटते आणि पाय गुडघ्यापर्यंत आत जातो. काठीने टोचून बघा. त्याहून बरं म्हणजे वहाळाच्या कडेने वर जाऊन दगड लागतील तिथे ओलांडा. वेळ जातो, जाऊ दे. नोव्हेंबर ते जानेवारी हा या फेरीचा खरा काळ.

सड्याचं उलट. तिथे ऑगस्टअखेर ते ऑक्टोबर. पाणी उथळ असल्याने पाऊस थांबला की ते आटत जातं आणि उन्हाळ्यात नकाशावरच्या ठिपक्याजागी नुसता कातळ सापडतो. कोरडा जांभा खरखरीत, पाय छान धरतो. पाणी झिरपतं तिथे मात्र काळपट बुळबुळीत थर असतो, तो टाळा. रबरी चपला तर नकोतच. डबक्यांच्या कडेने चाला, आतून नाही: सीतेची आसवं आणि गेंद ही रानफुलं बोटभर मातीत उगवतात. धुकं उतरलं की सगळ्या दिशा सारख्या, म्हणून गाडी उभी केल्याची जागा फोनमध्ये नोंदवून ठेवा. गडगडाट ऐकू आला की सडा सोडा. उघड्यावर सगळ्यांत उंच तुम्हीच असता.

आणि फुरसं, हा विषारी साप. ते जांभ्याच्या दगडांखाली बसतं, रंगाने दगडातच मिसळतं. बसण्याआधी जागा नीट पाहा, दगड उलटू नका. चावलंच तर चिरा देणं, आवळून बांधणं, चोखणं काही करू नका. पाय न हलवता माणसाला सरकारी रुग्णालयात न्या. तिथल्या प्रतिसर्पविषाच्या लशीत फुरशाच्या विषावरचा उतारा असतो.