मोक्कोत्सु

मोक्कोत्सु : शब्दशः ‘लाकडी हाडे’. एदो काळाच्या (१६०३–१८६८) उत्तरार्धात जपानी वैद्यांनी कसबी कारागिरांकडून कोरवून घेतलेले मानवी अस्थिसांगाडे.

अध्यापनासाठी मानवाकृती घडवण्याची चाल जपानात याहून जुनी आहे. चीनमध्ये सोंग राजवटीत, १०२७ च्या सुमारास, वांग वेइयीच्या देखरेखीखाली सूचिचिकित्सेसाठी काशाचे पुतळे ओतले गेले. त्याच परंपरेतील ‘दोनिंग्यो’ या बाहुल्या जपानी वैद्य लाकडाच्या वा कागदाच्या लगद्याच्या बनवून घेत. त्यांवर सुया टोचण्याचे बिंदू व वाहिन्यांच्या रेषा रंगवलेल्या असत; आतील अवयव बहुतेक बाहुल्यांत दाखवलेले नसत. म्हणून या बाहुल्यांना मोक्कोत्सुचे पूर्वरूप म्हणणे सयुक्तिक वाटत नाही.

पहिला ज्ञात सांगाडा हिरोशिमाचा वैद्य होशिनो र्योएत्सु (१७५४–१८०२) याचा. देहदंड झालेल्यांची शवे मिळवून त्याने हाडे न्याहाळली आणि हारादा कोजी या कारागिराकडून ती लाकडात हुबेहूब उतरवून घेतली. हे काम साधारणतः १७९१–९२ मधले मानतात. १७९८ मध्ये होशिनो तो सांगाडा एदोला (आजचे तोक्यो) घेऊन गेला. तेथे ओत्सुकि गेन्ताकु या डच विद्येच्या (डच ग्रंथांतून आलेल्या पाश्चात्त्य ज्ञानाच्या) पंडिताने त्याला ‘शिन्कान्गी’ हे नाव दिले. पुढे त्याची दुसरी प्रत शोगुनच्या (लष्करी शासकाच्या) वैद्यकशाळेला अर्पण करण्यात आली.

या निर्मितीमागची प्रेरणा कोणती, याविषयी दोन मते आहेत. एक मत ती डच ग्रंथांशी जोडते. १७७१ मध्ये वैद्य सुगिता गेन्पाकु व त्याच्या सहकाऱ्यांनी कोझुकाप्पारा येथील वधस्थळी शवविच्छेदन पाहिले, हातातील डच पुस्तकातल्या आकृत्या प्रत्यक्षाशी जुळतात हे त्यांना उमगले आणि १७७४ मध्ये ‘काइताइ शिन्शो’ हे भाषांतर प्रसिद्ध झाले. दुसरे मत हाडवैद्यकाच्या निकडीकडे बोट दाखवते. निखळलेला जबडा आपल्याला बसवता आला नाही, या अनुभवातून होशिनो अस्थींच्या अभ्यासाकडे वळला, असे सांगितले जाते. जबड्याचा सांधा कागदावरच्या चित्रातून हाताला कळत नाही. तो फिरवून पाहावा लागतो. शिवाय नंतरचे दोन प्रसिद्ध सांगाडेही ओसाकाच्या हाडवैद्यांचेच आहेत, ही बाब दुसऱ्या मताला बळ देते. अर्थात एदोच्या पंडितांनी दाद दिली नसती, तर होशिनोचे काम हिरोशिमाबाहेर क्वचितच पोहोचले असते.

खरी हाडे न वापरता लाकूड का, याचे उत्तर त्या काळच्या निर्बंधांत आहे. वधस्तंभावरच्या देहाचे विच्छेदन पाहण्याची परवानगी मिळे, तीही मोजक्यांना. हाडे घरी ठेवून त्यांवर शिकवणे मात्र समाजाला व शासनाला मान्य नव्हते. मंदिरांच्या मूर्ती घडवणाऱ्या देशात कोरीव कामाचा हात तयार होताच. हाडांचे बाक, सांध्यांच्या खोबणी व कवटीतील शिवणी पाहता या कारागिरांनी वैद्याइतकेच बारकाईने हाड वाचले होते, हे मान्य करावे लागते.

ओसाकाचा कागामी बुन्केन याने १८१० मध्ये ‘सेइकोत्सु शिन्शो’ हा हाडवैद्यकावरील ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याने करवून घेतलेला सांगाडा तोक्यो विद्यापीठाच्या संग्रहात आहे. ओसाकाच्याच ओकुदा या हाडवैद्याचा सांगाडा १८२० च्या सुमाराचा असून तो तोक्योच्या राष्ट्रीय निसर्ग व विज्ञान संग्रहालयात पाहता येतो. होशिनोचा सांगाडा हिरोशिमा विद्यापीठाने जतन केला आहे.

प्रसूतिवैद्यकातही गर्भाची स्थिती दाखवण्यासाठी बाहुल्यांचा वापर होई. गर्भाचे डोके खाली असणे हीच स्वाभाविक स्थिती, हे प्रसूतिवैद्य कागावा गेन्एत्सु (१७००–१७७७) याने १७६५ च्या ‘सान्रोन’ या ग्रंथात मांडले.

१८५९ मध्ये पोम्पे या डच वैद्याने नागासाकीत शवविच्छेदन करून शिकवले आणि लाकडी सांगाड्याची गरज ओसरू लागली. त्याच सुमारास फ्रेंच वैद्य ओझू याच्या पद्धतीच्या, सुटे भाग होणाऱ्या कागदी लगद्याच्या प्रतिकृती येऊ लागल्या. जपानी त्यांना डच शब्दावरून ‘क्युन्स्तोरेकि’ म्हणत. मेइजी काळात (१८६८–१९१२) क्योतोच्या शिमाझु कारखान्याने अशा प्रतिकृती देशातच बनवल्या. तेथील नमुना-विभागातून १९४८ मध्ये ‘क्योतो कागाकु’ ही स्वतंत्र संस्था निघाली.